साचा एक, मूर्ती अनेक

आज्ञावल्या लिहायला शिकणारा विद्यार्थी ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’पाशी आला की हमखास अडखळतो. ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ यांच्या व्याख्या तो पाठ करतो, पण दोहोंतला फरक विचारला की गोंधळतो. अशा वेळी त्याला मनाने परळ-लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात न्यावे.

तेथे एकाच साच्यातून अनेक घरगुती मूर्ती निघतात. साचा म्हणजे क्लास आणि प्रत्येक मूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. घडण सर्वांची सारखी, पण पितांबराचा रंग ज्याचा त्याचा. एक मूर्ती पिवळी रंगवली म्हणून शेजारची पिवळी होत नाही. आणि साच्याची पूजा कोणी करत नाही! तसेच नुसता क्लास लिहून सहसा भागत नाही. त्यापासून ऑब्जेक्ट घडवावे लागते.

मात्र उपमा येथे संपते. मूर्ती स्वतः काही करत नाही, ऑब्जेक्ट करते. त्याच्यापाशी माहिती असते, तशाच ती हाताळण्याच्या कृतीही असतात. आपण ‘रंग बदल’ असा निरोप द्यायचा. रंग त्यानेच बदलायचा. बाहेरच्याने परस्पर हात घालायचा नाही, ही शिस्त पाळली तर रंग चुकल्यावर चूक कोठे शोधायची हे ठरलेले असते.

या कल्पनेचा उगम नॉर्वेतला. प्रत्यक्ष जगातील घडामोडींची संगणकावर नक्कल करता यावी म्हणून ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा रचली. त्यांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आता नवशिक्याची नेहमीची चूक पाहू. ‘अ’ हे एक ऑब्जेक्ट आहे. जावा किंवा पायथॉनमध्ये ‘ब = अ’ लिहिले की दुसरे ऑब्जेक्ट तयार झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच मूर्तीवर दुसऱ्या नावाची चिठ्ठी लागलेली असते. ‘ब’ला रंग बदलायला सांगितले की ‘अ’चाही बदललेला दिसतो. चतुर्थीच्या सकाळी दोन घरची माणसे एकाच मूर्तीपाशी येऊन उभी राहावीत, तसा हा प्रकार!

वर्गात हे करून पाहता येईल. तीन मुलांच्या हाती रंगांची कार्डे द्या. एकाच मुलाला ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन चिठ्ठ्या लावा. ‘ब, रंग बदल’ असे सांगा आणि मग विचारा : ‘अ’चा रंग कोणता? उत्तर मुलांनाच शोधू द्या.