जखमी चितळ आणि अनोळखी हात

रायपूरहून सुमारे १०० किलोमीटरांवर बारनवापारा अभयारण्य आहे. उन्हाळ्यात पाणवठे आटले म्हणजे अशा वनांतील चितळ गावांकडे वळतात व कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. मदतीस धावणारा माणूस कुत्र्यांना हाकलतो, जनावराला उचलून घेतो, त्याच्या तोंडात पाणी ओततो. हेतू निर्मळच, पण चितळाच्या लेखी माणूस हाही शिकारीच होय. भयाने धडपडताना त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, तंतू फुटतात आणि त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांना बाधते. जखम किरकोळ असूनही असे जनावर काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी दगावते. ओतलेले पाणी फुप्फुसांत शिरण्याचा धोका निराळाच.

यास्तव डोळ्यांवर सैल फडके टाकावे, गर्दी हटवावी आणि वनखात्यास कळवावे. जनावर ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत वर्दी देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधनकारक आहे. लळा लागलेल्या माणसाला हे कलम निष्ठुर वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

माणसाच्या हातावर वाढलेल्या जनावराचे पुढे काय होते? बस्तरला लागून असलेल्या गडचिरोलीत, हेमलकसा येथे, डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू शिकाऱ्यांकडून मागून घेतले. तेथील प्राणी-अनाथालयाचा आरंभ त्यातूनच झाला. अशी पिल्ले जगतात. मात्र माणसाचे भय विसरलेल्या जनावराला पुन्हा रानात सोडणे बहुधा शक्य होत नाही.