देशच बुडाला तर?

प्रशांत महासागरातील तुवालू हे नऊ बेटांचे राष्ट्र. लोकवस्ती सुमारे ११,०००. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात सामील होऊन १९८६ साली त्याने इतरांना आसरा देण्याचे वचन दिले. आज समुद्र त्याच्याच दारात आला आहे. परंतु वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे छळाची भीती असणाऱ्यालाच हा करार निर्वासित मानतो. ज्याला कोणतेच राज्य आपला नागरिक मानत नाही, तो राज्यविहीन. मग राज्यच बुडाले तर? म्हणून भूमी गेली तरी राज्य कायम राहील, असे तुवालूने २०२३ साली राज्यघटनेत लिहिले. त्याच वर्षी झालेल्या करारान्वये ऑस्ट्रेलिया दरवर्षी २८० तुवालूवासीयांना आपल्याकडे राहू देणार आहे. घर दुसरीकडे मिळेल. ‘मी तुवालूचा’ म्हणण्याचा हक्क मात्र शाबूत राहिला पाहिजे.