औषध, खूण आणि सवय

प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी संप्रेरकांच्या फक्त २१. उरलेल्या ७ लोहाच्या. मग पाकीट २१ गोळ्यांचेच का केले नाही? लोह शरीराला हवेच असते, पण दुसरे कारण अधिक मजेदार आहे. सात दिवस थांबून आठव्या दिवशी आठवणीने पुन्हा सुरुवात करणे माणसाला जड जाते. रोज एक गोळी, हे सोपे.

याचे कारण सवयीच्या स्वरूपात आहे. ठरावीक खूण मिळाली की तिला जोडलेली कृती फारसा विचार न करता घडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोजच्या एखाद्या प्रसंगाला एक नवी कृती जोडायला सांगितली. २०१० साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कृती अंगवळणी पडायला माणसागणिक अंदाजे १८ ते २५४ दिवस लागतात. मध्यांक ६६ दिवस. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. (एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य आपण उगाच पाठ केले आहे.)

आता क्षयरोग घ्या. नेहमीच्या उपचाराला किमान सहा महिने लागतात. खोकला व ताप मात्र बहुधा काही आठवड्यांतच ओसरतात. म्हणजे गोळीची आठवण करून देणारा खोकला जातो आणि जंतू उरतात! उपचार अर्धवट राहिला तर रोग उलटतो, आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढू शकतात. १९९७ पासून राबवलेल्या डॉट्स पद्धतीत औषध आठवड्यातून तीनदा असे. २०१७ मध्ये देशभर रोजची मात्रा आली. बदलाची मुख्य कारणे वैद्यकीय होती. पण ‘आज कोणता वार?’ यापेक्षा ‘दात घासून झाले’ ही खूण आम्हाला पक्की वाटते.

खूण हरवली की सवयही डगमगते. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की घराचे वेळापत्रकच बदलते. भल्या पहाटे शेत गाठायचे, चहा तिकडेच. ज्याची गोळी घरच्या चहाशी बांधलेली, त्याची ती फळीवरच राहते. हा माणूस निष्काळजी नव्हे. त्याची खूण घरी राहिली. कामासाठी परगावी जाणाऱ्यांचेही असेच होते. म्हणून शेतात वा परगावीही बरोबर येईल अशी खूण निवडावी.

सवयीची एक अडचणही आहे. आज आधी कोणत्या पायात चप्पल घातली, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येणार नाही. विचाराविना केलेली कृती स्मरणातही नीट राहत नाही. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे घेणारे आजोबा ‘घेतली की नाही?’ म्हणून घुटमळतात ते यामुळेच. अशा वेळी अंदाजाने दुसरी गोळी घेणे धोक्याचे. वार छापलेले पाकीट असेल, तर आजच्या वाराखालची जागा रिकामी आहे का, एवढेच बघायचे.