शाळेला मानसशास्त्रज्ञ हवा, पण तो घडतो कुठे?

विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. याविषयी कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. नागपूर हे 'नीट' आणि 'जेईई'च्या शिकवण्यांचं शहर आहे. विदर्भाच्या गावागावांतून मुलं इथे येतात आणि दोन-दोन वर्षं घरापासून लांब राहतात. त्यामुळे हा निकाल या शहराला लागू पडतो तसा फार थोड्या शहरांना पडत असेल. नेमणुका करायच्या तर माणसं हवीत, आणि म्हणून मानसशास्त्रात बी. ए. करून पुढे काय, हा प्रश्न आता एकट्या विद्यार्थ्याचा राहिलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचा अभ्यासक्रम निवडताना पदवीच्या नावाला दुय्यम समजावं. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष किती काम करायला मिळतं, ते आधी पाहावं.

यामागे कायद्याची रचना आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या पदाला नोंदणीचं बंधन घातलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने त्याची व्याख्या केली, आणि त्या व्याख्येत मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी एकटी पुरत नाही. तिच्यानंतर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम. फिल. किंवा परिषदेने मान्य केलेली अर्हता लागते. थोडक्यात, एम. ए. झालेली व्यक्ती मानसशास्त्राची पदव्युत्तर असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसते. शालेय मानसशास्त्रज्ञाची गोष्ट तर आणखी अवघड. या नावाचं, वेगळ्या परवान्याचं पद आपल्याकडे नाहीच. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि किमान १,२०० तासांची इंटर्नशिप असते, आणि त्यांतले निदान सहाशे तास शाळेतच काढावे लागतात. आपल्याकडे ही शिडी आयती मिळत नाही. विद्यार्थ्याला ती स्वतः जोडून घ्यावी लागते.

तासांवर इतका भर का, ते शाळेतल्या कामाचं स्वरूप पाहिलं की कळतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ साली लाइटनर विटमर यांनी जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक उघडलं, तेव्हा त्यांच्याकडे सुरुवातीलाच आलेला मुलगा शब्द बरोबर लिहू न शकणारा होता, आणि त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका. आजही शाळेतून पुढे येणारी अडचण बहुतेकदा अशीच असते: पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही. तो आळशी आहे, त्याला नीट ऐकू येत नाही, घरात काही बिनसलंय, की त्याला अध्ययन अक्षमता आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्व मानलं आहे, आणि दहावीच्या परीक्षेतल्या सवलती या निदानावर अवलंबून असतात. चुकीच्या निदानाची किंमत मूल मोजतं. विदर्भात यात आणखी एक गुंता आहे. घरी गोंडी बोलणारं किंवा वऱ्हाडीत वाढलेलं मूल प्रमाण मराठीतल्या चाचणीत मागे पडलं, तर ती बुद्धीची उणीव की भाषेचं अंतर? चाचणीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत याचं उत्तर सापडत नाही. ते अशी पन्नास मुलं पाहिलेल्या माणसाच्या शेजारी बसून शिकावं लागतं.

आता वाटा पाहू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. सुरुवात तिथून करण्यात काही गैर नाही. राज्यातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक याच शहरात आहे, शिवाय मेडिकल, मेयो आणि एम्स ही रुग्णालयंही आहेत. ज्या महाविद्यालयातून विद्यार्थी अशा ठिकाणी नियमितपणे जातात, ते उत्तम. क्लिनिकलकडे जाणाऱ्यांसाठी पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. बंद करताना या शाखेला फक्त २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही परिषदेच्या यादीत आहेत ना, ते स्वतः तपासावं. ज्यांना थेट शाळेतच काम करायचंय, त्यांच्यासाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटते ती एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची वर्षभराची पदविका. महाराष्ट्रासाठी तिचं केंद्र भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे, नागपूरहून रात्रभराचा प्रवास. त्यात काही महिने दूरस्थ, काही महिने समोरासमोर आणि शेवटी आपल्या गावात प्रत्यक्ष काम असतं. निकालात समाजकार्यकर्त्याचाही उल्लेख असल्याने एम. एस. डब्ल्यू. ही वाटही खुली आहे, आणि समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य सुरुवातीपासूनच असतं, हा तिचा मोठा गुण.

एवढं शिकायला पैसा आणि वर्षं कुणाकडे आहेत, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. शाळा कमी पगार देतात, हेही खरं. पण तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन समुपदेशक झालेल्याला शाळा आणखी कमी देते आणि त्याचं म्हणणं मुख्याध्यापक ऐकतीलच असं नाही. घरबसल्या एम. ए. करण्याची सोयही आता राहिलेली नाही: आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. नोकरी करणाऱ्या अनेकांना त्याचा फटका बसला, तरीही दिशा योग्य आहे असं मला वाटतं. दुसरा आक्षेप, वर्गशिक्षकच हे काम करतील. मूल शांत का झालं, हे सर्वांआधी शिक्षकालाच दिसतं, हे मान्य. पण गुण देणारा आणि गुपित ऐकणारा एकच असेल, तर मूल अर्धंच सांगतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात ते चार मुलांच्या वर जातं, आणि त्या मुलांकडे पाहायला शिक्षकाजवळ पस्तीस मिनिटांची तासिका असते.

म्हणून या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्यांना एक विनंती. माहितीपत्रक वाचून झालं की एकदा त्या विभागात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, तुम्ही आजवर किती मुलांशी प्रत्यक्ष बोललात, आणि तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं.