टेबलाखालची पायवाट

वकील न्यायाधीशांपुढे उभा राहून बोलतो, तेव्हा हा व्यवसाय उभ्याचाच असणार, असा माझा समज होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भालकीहून हैदराबादला काकांकडे गेलो आणि तो समज दूर झाला. पंधरा मिनिटे उभे राहून बोलण्यासाठी काका सुलतान बाजारातील आपल्या ऑफिसात चार-चार तास बसून कागद वाचत. त्यातच त्यांना मधुमेह निघाला. “बसणे कमी करा,” असे डॉक्टरांनी बजावले आणि काकांच्या टेबलाखाली ट्रेडमिल आली.

पुष्कळ वाचकांनी हे यंत्र पाहिले नसेल, म्हणून थोडी माहिती देतो. व्यायामशाळेतील ट्रेडमिलचेच हे बुटके रूप. विजेची मोटार दोन रुळांवरून पट्टा फिरवते. पट्टा मागे सरकतो, आपण पुढे पाऊल टाकतो, आणि जागच्या जागी चालणे होते. टेबल मात्र उभ्या माणसाच्या कोपराइतके उंच हवे. काकांनी ते सुताराकडून करून घेतले. वेग ताशी दीड-दोन किलोमीटर, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालावी तसा.

एवढ्याशा चालण्याने काय होते, असे कोणी विचारील. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होता. पुढे अमेरिकेत डॉ. जेम्स लेव्हाइन यांनी चालत काम करण्याच्या टेबलाची पाहणी केली. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात १५ स्थूल व्यक्ती होत्या. बसून काम करताना त्यांचे ताशी सुमारे ७२ कॅलरी खर्च होत, तर ताशी पावणेदोन किलोमीटर चालताना १९१.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू मला स्वतःलाच कळली. एका संध्याकाळी काकांनी धनादेश न वटल्याची नोटीस टाइप करायला सांगितली. मी हौसेने पट्ट्यावर चढलो आणि चालता चालता १,५०,००० चे १,०५,००० करून बसलो! निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे कलम १३८ वर्गात शिकलेलो मी. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि तीत धनादेशाचीच रक्कम मागावी लागते. आमच्या पक्षकाराचे दोनच दिवस उरले होते. तो एक लहान दुकानदार; दीड लाख म्हणजे त्याचे सारे भांडवल. सही करण्यापूर्वी काकांनी कागद नजरेखालून घातला म्हणून निभावले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, पाय तुझे चालले असते आणि पैसे त्याचे गेले असते!”

नंतर वाचनात आले की, २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासातही हेच दिसले होते. चालताना वाचलेले नीट समजते. परंतु टायपिंग, माऊस चालवणे आणि गणिते सोडवणे यांत ६ ते ११ टक्के घट होते. तेव्हापासून ऑफिसात नियमच झाला आहे. निकालपत्रे वाचणे आणि टेलिफोनवर बोलणे चालत. मसुदा, तारखा व आकडे बसून.

आणखी एक गोष्ट. हे संथ चालणे व्यायामाची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणून काका पहाटे नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये झपझप फिरतातच.

मित्रहो, आपल्याला यंत्राची गरज नाही. आपले आजोबा ओसरीवर येरझारा घालीत पाठांतर करीतच असत. परीक्षेच्या दिवसांत आपणही तसे करून पाहावे. ताळेबंद मात्र बसूनच जुळवावा!