योजना-कर्मचाऱ्यांचे वेतन

शासनाच्या बालविकास, आरोग्य, पोषण इ. योजना प्रत्यक्ष वाडीवस्तीपर्यंत पोहोचविणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना मिळणारा मोबदला आणि त्याच्या न्याय्यतेचा प्रश्न. अंगणवाडी सेविका व मदतनीस, ‘आशा’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरोग्यसेविका आणि शालेय पोषण आहार शिजविणारे स्वयंपाकी-मदतनीस हे भारतातील ह्या वर्गाचे प्रमुख गट होत. ह्या वर्गात बहुसंख्या स्त्रियांची असून सेविका सामान्यतः त्याच गावच्या वा वस्तीच्या रहिवासी असतात. त्यांचे काम नित्याचे व नेमून दिलेले असते, त्यावर वरिष्ठांची देखरेख असते. तथापि त्यांची गणना शासकीय सेवकांत होत नाही व त्यांना मिळणाऱ्या रकमेस वेतन न म्हणता ‘मानधन’ किंवा ‘प्रोत्साहनभत्ता’ असे म्हटले जाते. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ ह्या नामभेदात आहे.

वेतन व मानधन : वेतन हा श्रमाचा मोबदला असून तो कराराने वा कायद्याने देय ठरतो. मानधन ही स्वेच्छेने केलेल्या सेवेबद्दल आदरपूर्वक दिलेली रक्कम मानली जाते. वेतनाबरोबर किमान दर, रजा, भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) इ. हक्क येतात, मानधनाबरोबर ते आपोआप येत नाहीत. त्यामुळे मानधनाची रक्कम वाढली, तरी वाढ देणे वा न देणे ही शासनाच्या मर्जीची बाब राहते.

स्वातंत्र्योत्तर काळात नेमण्यात आलेल्या न्याय्य वेतन समितीने निर्वाह वेतन, न्याय्य वेतन आणि किमान वेतन असे तीन स्तर कल्पिले. किमान वेतनाने केवळ प्राणधारणा साधून भागत नाही, तर कामगाराची कार्यक्षमता टिकविण्याइतके शिक्षण, औषधोपचार व सुखसोयी ह्यांचीही तरतूद व्हावी, असे समितीचे मत होते. न्याय्य वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन ही होय आणि वरची मर्यादा उद्योगाच्या देण्याच्या क्षमतेवरून ठरते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे गणित मांडताना कुटुंबाची तीन उपभोग-एकके, प्रौढ माणसास दररोज २,७०० कॅलरी आहार आणि कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड ही प्रमाणे धरली. संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतनाचे आणि अनुच्छेद ३९ मध्ये समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व नमूद आहे.

ऐतिहासिक आढावा : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रु. आणि मॅट्रिक नसलेल्या सेविकेस १०० रु. मानधन होते. केंद्र शासनाच्या निकषानुसार हे मानधन २००८ मध्ये १,५०० रु., २०११ मध्ये ३,००० रु. आणि ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रु. झाले; मदतनिसांसाठी २०१८ चा दर २,२५० रु. आहे. राज्ये ह्या रकमेत आपली भर घालतात, त्यामुळे प्रत्यक्ष मिळकत राज्यपरत्वे भिन्न असते. महाराष्ट्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रु. आणि मदतनिसांचे ४,४२५ रुपयांवरून ५,५०० रु. करण्याची घोषणा झाली. पुढे त्यात आणखी वाढ करण्यात आली.

आरोग्याच्या क्षेत्रात २ ऑक्टोबर १९७७ रोजी समाज-आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. गावाने निवडलेल्या ह्या कार्यकर्त्यास दरमहा ५० रु. दिले जात. ही रक्कम दीर्घकाळ तशीच राहिली आणि योजनाही हळूहळू क्षीण होत गेली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने (२००५) साधारणतः दर एक हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरविले, तेव्हा निश्चित मानधनाऐवजी कामागणिक प्रोत्साहनभत्त्याची पद्धत स्वीकारली.

कामागणिक मोबदल्याचे स्वरूप : आशा सेविकेच्या मोबदल्याचे बारकाईने निरीक्षण केल्यास ह्या पद्धतीचे गुणदोष स्पष्ट होतात. प्रसूती रुग्णालयात व्हावी, बालकाचे पहिल्या वर्षातील लसीकरण पूर्ण व्हावे, क्षयरुग्णाचा औषधोपचार खंडित होऊ नये, अशा प्रत्येक बाबीसाठी स्वतंत्र रक्कम ठरलेली असते. काम व मोबदला ह्यांचा संबंध सुस्पष्ट राहतो आणि शासनास उद्दिष्टांवर लक्ष ठेवता येते, हा तिचा गुण होय. परंतु गरोदर स्त्रीबरोबर रात्री रुग्णालयात काढलेला वेळ, लसीकरणास नकार देणाऱ्या घरी घातलेले हेलपाटे, नोंदवह्या व सर्वेक्षणे ह्यांतील बराच भाग मोबदल्याच्या हिशेबाबाहेर राहतो.

गृहाधिष्ठित नवजात बालसेवेचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. ह्या सेवेचा पाया महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात घातला गेला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने खेड्यांतील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने प्रयोगक्षेत्रातील नवजात-मृत्युमान सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दाखविण्यात आले. २०११ मध्ये ही सेवा राष्ट्रीय कार्यक्रमात आशांकडे सोपविण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यावयाच्या व त्यांबद्दल एकूण २५० रु. घ्यावयाचे, असा दर ठरला. म्हणजे दर भेटीमागे सुमारे ४२ रुपये. बालकाच्या वजनाची नोंद, प्रारंभीच्या लसी व जन्मनोंदणी ह्यांबरोबरच बेचाळिसाव्या दिवशी माता व बालक सुखरूप असणे ही अटही मार्गदर्शक सूचनांत होती. सर्व भेटी देऊनही बालक दगावले, तर मोबदल्याचा आधारच डळमळीत होई. फलनिष्पत्तीची सर्व जोखीम अशा रीतीने व्यवस्थेतील सर्वांत दुर्बल घटकावर पडते. गावात वाहन नसणे वा रुग्णालयात वैद्य उपस्थित नसणे ह्यांवर सेविकेचे नियंत्रण नसते.

ही त्रुटी अंशतः भरून काढण्यासाठी नित्य कामांकरिता निश्चित मासिक रक्कम देण्यास आरंभ झाला. ती ऑक्टोबर २०१८ पासून २,००० रु. होती, २०२५ मध्ये ती ३,५०० रु. करण्याचा निर्णय झाला. करोना महामारीच्या काळात गृहसर्वेक्षण व रुग्णशोध ह्यांचा मोठा भार आशांनी वाहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याआधी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या आणि २०२३ मध्येही त्यांना संप करावा लागला. गौरव व मोबदला ह्यांतील अंतर ह्यावरून ध्यानात येते.

कायदेविषयक स्थिती : अंगणवाडी सेविकांच्या दर्जाविषयी न्यायालयांची भूमिका कालांतराने बदलत गेली आहे. २००६ मध्ये कर्नाटक राज्यासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका नागरी पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. त्यांची नेमणूक वैधानिक भरती-नियमांनुसार होत नाही व त्या निवडणूक लढवू शकतात, ह्या बाबी त्या वेळी विचारात घेण्यात आल्या. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधून आलेल्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस ह्यांना उपदान अधिनियम, १९७२ लागू असल्याचे ठरविले. अंगणवाड्यांना राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मुळे वैधानिक अधिष्ठान लाभले आहे आणि सेविकांना दिले जाणारे मानधन त्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार वेतनच आहे, असे प्रतिपादन न्यायालयाने केले. उपदानाचा हिशेब अखेरच्या मासिक वेतनास २६ ने भागून, त्यास १५ ने व सेवेच्या वर्षांनी गुणून करतात. दरमहा १०,००० रु. मानधनावर ३० वर्षे सेवा करणाऱ्या सेविकेस त्यानुसार सुमारे १,७३,००० रु. मिळू शकतात. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन सेविकांस दरमहा २४,८०० रु. व मदतनिसांस २०,३०० रु. देण्याचा आदेश दिला.

किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हे अनुच्छेद २३ खालील सक्तीच्या श्रमात मोडते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले होते. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस केली. वेतन संहिता, २०१९ व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ह्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या व त्यांनी अनुक्रमे किमान वेतन अधिनियम, १९४८ आणि उपदान अधिनियम ह्यांची जागा घेतली (पहा : किमान वेतन). तथापि मानधनी सेविका ‘कर्मचारी’ ह्या संज्ञेत येते किंवा कसे, हा मूळ प्रश्न केवळ संहिताकरणाने सुटत नाही.

अन्य देशांतील प्रयत्न : पाकिस्तानात १९९४ पासून कार्यरत असलेल्या स्त्री-आरोग्यसेविकांना दीर्घ आंदोलनानंतर व न्यायालयीन हस्तक्षेपानंतर २०१२ मध्ये नियमित सेवेत घेण्याचा निर्णय झाला. ऑस्ट्रेलियात समाजसेवा-क्षेत्रातील कमी वेतनामागे स्त्रियांच्या कामाचे अवमूल्यन हे एक कारण असल्याचे मान्य करून तेथील वेतन-न्यायाधिकरणाने १ फेब्रुवारी २०१२ रोजी श्रेणीनुसार १९ ते ४१ टक्के वाढ टप्प्याटप्प्याने देण्याचा निर्णय दिला. न्यूझीलंडने २०१७ मध्ये शुश्रूषा-कर्मचाऱ्यांच्या वेतन-समतेसाठी स्वतंत्र कायदा केला. बालसंगोपन व शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावधर्म होय, ह्या समजुतीमुळे त्या कामातील कौशल्य हिशेबात धरले जात नाही, ही जाणीव ह्या दोन्ही देशांतील निर्णयांमागे आहे.

मूल्यमापन : मानधनाच्या समर्थनार्थ मुख्यतः तीन मुद्दे मांडले जातात. काम अर्धवेळ आहे. सेविका गावचीच असल्याने सेवाभाव टिकणे इष्ट आहे. आणि लाखो सेविकांना वेतनश्रेणी दिल्यास राजकोषावर असह्य भार पडेल. ह्यांपैकी पहिला मुद्दा वस्तुस्थितीवर तपासता येतो. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण ह्या सहा मूळ सेवांत पुढे सर्वेक्षणे व भ्रमणध्वनीवरील नोंदी ह्यांची भर पडली. काम खरोखर अर्धवेळ असेल, तर तासांच्या प्रमाणात वेतन ठरविता येते. त्यासाठी ते वेतन नाकारण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१८ चे केंद्रीय मानधन २६ दिवसांनी भागल्यास सेविकेस दिवसाला सुमारे १७३ रु. पडत, तर मदतनिसास सुमारे ८७ रु.; त्या वेळचे राष्ट्रीय तळपातळीचे किमान वेतन १७६ रु. होते. सेवाभाव शिक्षक व परिचारिका ह्यांच्याकडूनही अपेक्षित असतो, परंतु त्यामुळे त्यांचे वेतन कमी केले जात नाही. आर्थिक भाराचा मुद्दा खरा आहे. परंतु हा भार आजही कोणीतरी वाहत आहेच. शासनाने तो न उचलल्याने तो सेविकेच्या कुटुंबावर पडतो. खेड्यातील बालकाचे वजन, मातेचा आहार व लसीची मात्रा ह्यांची खातरजमा करणारी शासनाची शेवटची प्रतिनिधी ही सेविका होय. तिच्या कामाचे तास व कौशल्य मोजून त्यानुसार देय वेतन ठरविणे, ही तिच्या हक्काची त्याचप्रमाणे ह्या योजनांच्या स्थैर्याचीही पहिली अट आहे.