गोरिलांना खरूज कशी झाली?

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काँगोच्या सीमेलगत, बविंडी नावाचे दाट डोंगरी अरण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस किलोमीटर. जगात पर्वतीय गोरिला हजाराच्या थोडेच वर उरले आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे येथे राहतात. अरण्याची कड संपते तेथेच केळीच्या बागा सुरू होतात.

१९९१ साली बविंडी राष्ट्रीय उद्यान झाले. अरण्यातच राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढले गेले आणि शेतकऱ्यांना मध, वेली, औषधी मुळ्या आणण्याची बंदी झाली. चिडून काहींनी अरण्याला आगीही लावल्या. मग काही पट्ट्यांत, ठरावीक लोकांना, ठरावीक वस्तू नेण्याची मुभा देण्यात आली. त्यात वेली होत्या. बिनरस्त्याच्या या डोंगरांत आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याच्या डोल्या वेलींच्याच विणतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मुभेचे मोल कळते.

१९९३पासून गोरिला पाहायला पर्यटक येऊ लागले. त्या पैशातला काही वाटा गावांना मिळतो. पण त्यासाठी गोरिलांना माणसाची सवय लावावी लागते. एकदा भीती गेली, की ते केळीचा गाभा खायला सरळ बागेत शिरतात.

१९९६ साली अशाच एका कळपाच्या अंगावरचे केस झडू लागले, कातडी खवल्यांसारखी झाली. ती खरूज होती. एक पिल्लू दगावले, बाकीचे औषधाने बरे झाले. खरजेचा 'किडा' खरे तर कीटक नव्हे. तो आठ पायांचा, कोळ्याच्या वर्गातला. अंगाबाहेर, कपड्यावर, तो दोन-तीन दिवस तग धरतो. बागेतल्या बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांतून तो गोरिलांपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. वर्गात एका मुलाला खरूज झाली की शेजारच्या बाकावर जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. गोरिला तर जैविकदृष्ट्या आपले अगदी जवळचे शेजारी!

त्या कळपावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी यातून निष्कर्ष काढला, की गोरिला वाचवायचे तर आधी गावात दवाखाना पोचला पाहिजे. २००३ साली त्यांनी संस्था काढली. तिचे गावोगावचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन स्वच्छता, क्षयरोग, कुटुंबनियोजन यांविषयी सांगतात. पुढे शेतकऱ्यांची कॉफी चांगल्या भावाने घेण्याचा उपक्रमही सुरू झाला.

२०२०च्या साथीत पर्यटन बंद पडले आणि गावांची मिळकत आटली. त्याच जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीला अरण्यात शिरलेल्या एका माणसाच्या भाल्याने राफिकी हा प्रसिद्ध नर गोरिला मारला गेला. शिकाऱ्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. आता पर्यटकांना तोंडावर मुखपट्टी बांधावी लागते आणि गोरिलांपासून दहा मीटर दूर राहावे लागते.

बाट्वांचा हिशेब मात्र, आमच्या मते, अद्याप चुकता झालेला नाही. पर्यटनाचा वाटा प्रामुख्याने शेतजमीन असलेल्यांच्या गावांत पोचतो, आणि बाट्वांपैकी बहुतेकांपाशी स्वतःची जमीनच नाही.